दळण ठेवून जाऊ नका : लेखन-भाषणाची मदत घेताना या चुका टाळा

सांगलीतल्या आमच्या कॉलेजात दर बुधवारी ३ ते ५ या वेळेत ग्रंथालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी आम्ही दोघं-तिघं शिक्षक बसतो. प्रोजेक्ट, निबंध, सेमिनार, भाषण, जे अडलं असेल ते घेऊन यायचं, असा साधा कारभार. इतर कॉलेजांत हेच काम कुठं भाषा विभाग करतो, कुठं वाङ्मय मंडळ. चुका मात्र सगळीकडं त्याच.

पहिली चूक दळण ठेवण्याची. पाच वाजता आम्ही उठायला लागलो की एखादा धापा टाकत येतो. "सर, एवढं बघून ठेवा की, उद्या सबमिशन हाय." गिरणीत डबा ठेवायचा आणि येता-येता पीठ घेऊन जायचं, तसं. समजा आम्ही लाल पेनानं सगळं सुधारून दिलं, तरी तोंडी परीक्षेत त्यातल्याच एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की हा गप्प. म्हणून टेबलावर आम्ही वाचत नाही, ज्याचं त्यानंच मोठ्यानं वाचायचं. जिथं दम लागतो तिथं वाक्य लांबलंय आणि जिथं अडखळायला होतं तिथं लिहिणाऱ्यालाच नीट कळलेलं नाही, हे वाचणाऱ्याला आपोआप समजतं. सबमिशनच्या निदान आठ दिवस आधी या आणि अर्धवट, खाडाखोड केलेलंच आणा. स्पायरल बाइंडिंग करून आणलेल्या प्रोजेक्टला मदत करणं सगळ्यात अवघड. पैसे गेलेले असतात, त्यामुळं एक पानही हलवायची कुणाची तयारी नसते.

दुसरी चूक, विषय अर्धाच आणणं. गेल्या वर्षी एक मुलगी आली. विषय विचारला तर म्हणाली, "हळद." चार पानं होती: हळदीचे औषधी गुण, तिचं शास्त्रीय नाव, सांगलीच्या हळदीला २०१८ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन. सगळं बरोबर. मग शिक्षकांनी दिलेला कागद पाहिला. त्यावर लिहिलं होतं, 'हळद उत्पादकांच्या विक्रीतील अडचणी'. अडचणींवर एक ओळ नव्हती. घरी हळद आहे का, असं सहज विचारलं तर दहा मिनिटं बोलत राहिली: हळद शिजवणं, वाळवणं, पॉलिश, टेम्पोचं भाडं, हमाली-तोलाई, सौदा निघेपर्यंत वडिलांचं यार्डात थांबणं. "मग हे का नाही लिहिलं?" तर म्हणाली, "ते घरचं हाय सर, ते कसं लिहायचं?"

घरचंच लिहायचं. फक्त कुणाला विचारलं, कधी, कुठं आणि किती जणांना, एवढं सांगायचं. एका घराची गोष्ट ती अनुभव म्हणून जाते; आणखी आठ-दहा शेतकऱ्यांना तेच प्रश्न विचारले की प्रोजेक्टला आधार मिळतो.

कॉपीबद्दल भीती भलत्याच गोष्टीची आहे. 'दुसऱ्याच्या लेखनाशी साम्य दहा टक्क्यांच्या आत आलं की चालतं ना?' हा प्रश्न दर आठवड्याला येतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे खरं. पण ते नियम प्रबंध, शोधनिबंध अशा लेखनासाठी आहेत. वर्गातल्या असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट, निबंध त्यातून स्पष्टपणे वगळलेत. म्हणजे तुमच्या बाबतीत टक्का नव्हे, तुमचे शिक्षक ठरवतात. एआयकडून लिहून घेणाऱ्यांनी तर संदर्भसूचीतलं प्रत्येक पुस्तक ग्रंथालयात शोधून पाहावं. नसलेली पुस्तकं आणि नसलेले लेखक त्यात हमखास निघतात.

आता फॉन्ट. ही तक्रार सगळ्यात जास्त आणि उपाय सगळ्यात सोपा. डीटीपीवाला श्री-लिपी किंवा कृती देवमध्ये टाइप करून देतो. तो फॉन्ट कॉलेजच्या कॉम्प्युटरवर नसला की मराठीच्या जागी नुसती चिन्हं दिसतात. टाइप करायला देतानाच 'युनिकोडमध्ये द्या' म्हणून सांगा; ते कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसतं. आधीच झालं असेल तर कन्व्हर्टर वापरा, पण नंतर रफार आणि जोडाक्षरं स्वतः तपासा, तिथंच गडबड होते. पेनड्राइव्हवर पीडीएफही ठेवा.

शुद्धलेखनाचं ओझं शेवटच्या दिवसासाठी ठेवा. शासनमान्य नियम १८ आहेत, तासाभरात वाचून होतात. 'गरीब' पण 'गरिबाला', 'बहीण' पण 'बहिणीला', एवढं एक सूत्र हाताला बसलं तरी निम्म्या खुणा कमी होतात.

भाषणात शाळा सुटत नाही. सेमिनारला उभं राहून 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' म्हणणारी मुलं अजून भेटतात, समोर वर्गातलीच पंचवीस पोरं असताना. दुसरी सुरुवात ठरलेली: सांगली म्हणजे नाट्यपंढरी, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच पहिलं मराठी नाटक केलं. मग विषय पाणीटंचाईचा का असेना! सांगलीकरांना हे सांगायची गरज नाही. पहिल्या वाक्यात विषयाला हात घाला.

पाठांतर हा त्याहून मोठा घोळ. एक शब्द निसटला की पुढची सगळी माळ तुटते. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच-सहा शब्द लिहा, एकेका मुद्द्याला एक, आणि दर वेळी वेगळ्या वाक्यांत बोलून बघा. सावकाश बोललं तर मिनिटाला ११०-१२० शब्द होतात. पाच मिनिटांसाठी बाराशे शब्द लिहून आणले तर दोनच वाटा: धावायचं, नाहीतर घंटा झाल्यावर मध्येच बसायचं.

जत-आटपाडीकडची मुलं 'आमची भाषा गावठी' म्हणून तोंडच उघडत नाहीत. लेखी काम प्रमाण मराठीत करा, पण बोलताना 'आमच्याकडं' म्हटल्यानं मार्क जात नाहीत. उसन्या पुस्तकी भाषेत अडखळल्यानं जातात.

माइकचं राहिलंच. फुंकर मारू नका, टकटक करू नका. आदल्या दिवशी शिपाईमामांना सांगून रिकामा हॉल उघडून घ्या, मित्राला शेवटच्या बाकावर बसवा आणि तिथवर ऐकू येतं का ते विचारा.