श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने लाकडाचा ताठपणा कसा मोजावा

लाकूड न मोडता त्याचा ताठपणा जाणून घेण्यासाठी श्राव्यातीत ध्वनीची, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेच्या ध्वनीची, पद्धत दिसायला फार सोपी आहे. लाकडाच्या एका टोकाला ध्वनीस्पंद सोडायचा, दुसऱ्या टोकाला तो किती वेळाने पोहोचतो ते पाहायचे, लांबीला त्या वेळेने भागून वेग काढायचा आणि वेगाच्या वर्गाला घनतेने गुणून गतिक स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ध्वनीवरून काढलेले ताठपणाचे माप, मिळवायचा. उपकरणाच्या पडद्यावर वेळ क्षणात उमटते. परंतु घनता, ओलावा आणि तंतूंची दिशा या तीन गोष्टी तितक्याच काळजीने नोंदलेल्या नसतील, तर त्या वेळेवरून काढलेल्या गुणांकावर विसंबणे योग्य नाही.

प्रथम गणित पाहू. २.४ मीटर लांबीच्या वाळलेल्या फळीतून स्पंद ४८० मायक्रोसेकंदांत पार झाला, तर वेग सेकंदाला ५,००० मीटर येतो. त्या फळीची घनता घनमीटरला ६०० किलोग्रॅम असेल, तर गुणांक १५ गिगापास्कल होतो. सूत्रात वेगाचा वर्ग असल्यामुळे वेळ मोजण्यात २ टक्के चूक झाली, तर गुणांकात सुमारे ४ टक्के चूक होते. घनतेतील चूक मात्र आहे तेवढीच उतरते. म्हणून घनता कोष्टकातून उचलू नये; एकाच जातीच्या दोन झाडांत, किंबहुना एकाच ओंडक्याच्या गाभ्यात आणि बाहेरच्या भागात, ती बरीच वेगळी असू शकते. फळी वजन करण्याजोगी असेल तर तिचे वजन करावे आणि लांबी, रुंदी व जाडी दोन-तीन ठिकाणी मोजून घनफळ काढावे.

प्रोबची, म्हणजे ध्वनीस्पंद सोडणाऱ्या व टिपणाऱ्या टोकांची, वारंवारता निवडताना लाकडाचा आकार पाहावा. लाकूड ध्वनी लवकर शोषून घेते, त्यामुळे धातूच्या तपासणीत वापरल्या जाणाऱ्या मेगाहर्ट्झच्या वारंवारता येथे निरुपयोगी ठरतात; बहुतेक काम २० ते १०० किलोहर्ट्झच्या दरम्यान होते. ४५ किलोहर्ट्झला तंतूंच्या दिशेने तरंगलांबी सुमारे ११ सेंटीमीटर असते. मोजायची लांबी या तरंगलांबीच्या काही पट असावी. वरील सोपे सूत्र सडपातळ दांड्यासाठी आहे, हेही ध्यानात ठेवावे. तुळईची जाडी-रुंदी तरंगलांबीहून बरीच मोठी असेल, तर आडव्या दिशेने होणारे आकुंचन-प्रसरण अडवले जाते, वेग थोडा वाढतो आणि सूत्र गुणांक वास्तवापेक्षा जास्त दाखवते.

मापनापूर्वी, उपकरणासोबत मिळणाऱ्या प्रमाण दांड्यावर प्रोब टेकवून त्यावर नमूद केलेली वेळ पडद्यावर येते का ते तपासावे. प्रोब आणि जोडतारांमुळे होणारा उशीर त्यावरून कळतो; तो लहान वाटतो. लांब फळीत ५ मायक्रोसेकंदांची चूक एकूण वेळेच्या जेमतेम १ टक्का भरते, पण १० सेंटीमीटर जाडीतून तंतूंना आडवे मापन करताना एकूण वेळच ६५-७० मायक्रोसेकंद असते आणि तीच ५ मायक्रोसेकंदांची चूक गुणांकात जवळपास १५ टक्क्यांपर्यंत जाते. त्यानंतर टोके सपाट व स्वच्छ करून पातळ जेल किंवा ग्रीस लावावे, कारण प्रोब आणि लाकूड यांच्यामध्ये हवेचा थर राहिला तर बहुतांश ऊर्जा तेथूनच परतते. दोन्ही प्रोब अक्षात समोरासमोर धरून सारख्या दाबाने टेकवावेत, आकडा स्थिर झाल्यावरच नोंदवावा आणि प्रोब उचलून पुन्हा टेकवून किमान तीन वाचने घ्यावीत.

तंतूंच्या दिशेला मी सर्वाधिक महत्त्व देतो. निर्दोष, वाळलेल्या लाकडात तंतूंच्या लांबीच्या दिशेने वेग साधारणपणे सेकंदाला ४,००० ते ६,००० मीटर असतो, तर आडव्या दिशेने तो बहुधा १,००० ते २,००० मीटरच्या आसपास येतो. आडव्या दिशेतही वार्षिक वलयांना छेदणारा वेग वलयांना समांतर जाणाऱ्या वेगापेक्षा सहसा जास्त असतो. त्यामुळे फळीतील तंतू थोडे तिरके गेले, तरी वेग लक्षणीय उतरतो. ही घट कुजण्याची खूण समजण्याआधी तंतूंचा कल डोळ्यांनी पाहून घ्यावा. गाठीभोवती तंतू वळतात आणि तेथेही वेग घटतो. लांबीच्या दिशेने गेलेली भेग मात्र त्याच दिशेच्या मापनात जवळजवळ दिसतच नाही. तिच्यासाठी भेगेला आडवे मापन करावे लागते.

ओलाव्याचा परिणाम दुहेरी असतो. लाकूड वाळलेल्या अवस्थेतून ओले होत गेले, की सुमारे २८ ते ३० टक्के ओलाव्यापर्यंत वेग स्पष्टपणे कमी होत जातो. त्यापुढे पाणी पेशींच्या पोकळ्यांत मोकळे साठते. ते वजन वाढवते, पण ताठपणा वाढवत नाही. अशा ओल्या लाकडाची घनता जशीच्या तशी सूत्रात घातली, तर गुणांक फसवा येतो. शक्य असेल तेव्हा लाकूड सुमारे १२ टक्के ओलाव्यावर स्थिरावू द्यावे आणि तुलना त्याच ओलाव्यावर करावी.

बसवलेल्या तुळईची टोके भिंतीत दडलेली असतात, तेव्हा दोन्ही प्रोब एकाच पृष्ठभागावर ठेवावेत. एक प्रोब जागेवर राहू द्यावा, दुसरा समान अंतराने पुढे सरकवावा आणि प्रत्येक ठिकाणची वेळ अंतरासमोर आलेखावर मांडावी. बिंदूंमधून जाणाऱ्या रेषेच्या उतारावरून वेग काढला, की उपकरणातील स्थिर उशीर आपोआप वगळला जातो. एखादा बिंदू रेषेपासून दूर पडला, तर तेथे गाठ, भेग किंवा कूज आहे का ते तपासावे.

मिळालेला गतिक गुणांक वाकवण्याच्या संथ चाचणीतील गुणांकापेक्षा सामान्यतः जास्त असतो, म्हणून तो थेट बांधकामाच्या हिशेबात घालू नये. त्याच मालातील काही फळ्यांची दोन्ही प्रकारे चाचणी करून आपल्या लाकडासाठी संबंध बांधून घ्यावा. मजबुतीबद्दल याहून अधिक सावध राहावे लागते. ताठपणा संपूर्ण लांबीच्या सरासरीतून ठरतो, तर फळी मोडते ती तिच्या सर्वांत दुबळ्या जागी. एकच मोठी गाठ सरासरी वेगाला फारसा धक्का न लावता मजबुती निम्म्यावर आणू शकते. म्हणून प्रत्येक वेगासोबत गाठींची जागा व आकार, तंतूंचा कल, ओलावा, तापमान आणि प्रोबची वारंवारता यांची नोंद करावी आणि प्रतवारी करताना ही सर्व माहिती एकत्र वाचावी.