मंगळावरचा बर्फ फोटोत ओळखायचा कसा

निवृत्तीच्या आदल्या वर्षी शाळेच्या प्रदर्शनात मी मंगळाचा एक मोठा फोटो लावला आणि त्यातल्या निळ्या लाटांखाली ठळक अक्षरांत लिहिलं, ‘बर्फ’. ती वाळू होती. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरच्या हायराइज कॅमेऱ्याच्या रंगीत फोटोंतले रंग अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश धरून बनवलेले असतात, त्यामुळे बेसाल्टची वाळू निळसर दिसते. आणि बेसाल्ट म्हणजे आपल्या अजिंक्यताऱ्याचा काळा पत्थर! आयुष्यभर किल्ल्याखाली राहून, भूगोल शिकवून, मी काळ्या दगडाला बर्फ म्हटलं.

तेव्हापासून रंग सगळ्यात शेवटी बघते. तुम्हीही आधी फोटोखालचे अक्षांश बघा. विषुववृत्ताजवळचं असेल तर बर्फाचं नाव काढू नका. साधारण चाळीस अंशांच्या पलीकडे शोधायला लागा. मग ऊन कुठून येतंय ते पक्कं करा. हायराइजचं यान बहुतेक ठिकाणांवरून तिथल्या दुपारी तीनच्या सुमारास जातं, म्हणून उत्तर वर ठेवलेल्या फोटोत उजेड बहुधा डावीकडून असतो. हे चुकलं की खड्ड्याची टेकडी होते. माझी अजूनही होते, मग मी फोन उलटा धरते.

आता जमिनीचा पोत. चैत्र-वैशाखात माण-खटावच्या काळ्या रानात भेगांची जाळी पडते, तशी जाळी दिसली तर थांबा. आपल्याकडे माती वाळून फाटते. तिथे बर्फाने घट्ट झालेली जमीन थंडीने आक्रसून फाटते. ६८ अंश उत्तरेला, अशाच जाळीवर, २५ मे २००८ रोजी फिनिक्स यान उतरलं. त्याने चर खणला, तर आत पांढरे खडे. चार दिवसांत ते नाहीसे झाले. देवघरातल्या कापरासारखे, न वितळताच उडून गेले. मीठ असतं तर तिथंच राहिलं असतं. पाण्याचा बर्फ हाताशी आल्याचा तो पुरावा.

दक्षिण ध्रुवाकडे कोळ्यासारख्या फाटे फुटलेल्या आकृत्या दिसतील. तिथे हिवाळ्यात कार्बन डायऑक्साइडच्या बर्फाचा पारदर्शक थर बसतो. वसंतात ऊन त्यातून आरपार जाऊन खालची जमीन तापवतं, तळाशी वायू कोंडतो आणि एखाद्या फटीतून धूळ घेऊन फवाऱ्यासारखा सुटतो. वाटेत जमीन खरवडली जाते, तेच ते पाय. बर्फ गेल्यावरही ते उरतात, म्हणून फोटो कोणत्या ऋतूतला हे बघितल्याशिवाय निकाल देऊ नका. जमलं तर त्याच जागेचा दुसऱ्या ऋतूतला फोटो शेजारी ठेवा. वाळू जागेवर राहते, दहिवर उडून जातं.

सरावाला उत्तरेकडचं कोरोलेव्ह विवर घ्या. ८२ किलोमीटर रुंद, म्हणजे सातारा ते कराड अंतर आत ठेवून जागा उरेल, आणि मधोमध सुमारे १.८ किलोमीटर जाडीचा पाण्याचा बर्फ, बारमाही. तिथे पांढऱ्याला बर्फ म्हणायला माझी हरकत नाही.