स्पायनल देताना नसेला इजा: या चुका टाळा

"डॉक्टर, डाव्या पायात कळ गेली!" सिझेरियनच्या टेबलावर, स्पायनलची म्हणजे कमरेखालच्या भुलीची सुई पाठीत असताना पेशंट असं ओरडली की नव्या भूलतज्ज्ञाच्या तोंडून सवयीने निघतं, "हलू नका, झालंच आता." माझ्या मते सगळ्या चुकांत ही सर्वांत महागात पडणारी. हात तिथेच थांबवा, औषध सोडू नका. कोणत्या पायात, अजून आहे का, हे तिलाच विचारा. कळ क्षणात विरली आणि सीएसएफ (मज्जारज्जूभोवतीचं पाणी) स्वच्छ येत असेल तर पुढे जाता येतं. टिकली, किंवा औषध ढकलताना पुन्हा उठली, तर सुई बाहेर काढा आणि नव्याने बसवा. मिनिटभर उशीर झाल्याने सर्जन चिडले तर चिडू द्या.

"पण सीएसएफ छान टपकत होतं की!" हा युक्तिवाद फसवा आहे. २००१ साली ब्रिटनमधल्या फेलिसिटी रेनॉल्ड्स यांनी स्पायनलनंतर मज्जारज्जूच्या टोकाला इजा झालेल्या सात स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. सातही जणींना सुई जाताना दुखलं होतं, आणि सातही जणींत औषध देण्याआधी सीएसएफ मोकळं येत होतं. सहा जणींचं पाऊल लुळं पडलं. सुया पेन्सिल-पॉइंटच्या होत्या, म्हणजे 'बोथट टोक, धोका नाही' हा समजही बाद.

त्यांतल्या बहुतेकींत सुई एल२-एल३मध्ये, म्हणजे कमरेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांमध्ये, घातली असं डॉक्टरांना वाटत होतं. खरी गोम इथे आहे. प्रौढांत मज्जारज्जू साधारण एल१-एल२ला संपतो, काहींत त्याहूनही खाली उतरतो. आणि आपलं बोट चुकतं. कमरेच्या दोन्ही हाडांना जोडणारी टफियरची रेषा एल४पाशी जाते हे पुस्तकात खरं. पण गरोदर किंवा स्थूल बाईच्या पाठीवर चरबीवरून चाचपताना ती वर सरकते. २०००च्या एका अभ्यासात एमआरआयशी ताडून पाहिलं, तर भूलतज्ज्ञांनी सांगितलेली स्पेस (दोन मणक्यांमधली फट) फक्त २९ टक्के वेळा बरोबर निघाली. बहुतांश चुका वरच्या बाजूच्या होत्या. म्हणून एल३च्या वर जायचंच नाही. एल३-४ की एल२-३ अशी शंका आली तर खालची घ्या; हाड लागतच नसेल तर अल्ट्रासाउंड लावा.

बाकीच्या चुका थोडक्यात. क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक) त्वचेवर पूर्ण वाळू द्या, त्याची वाटी स्पायनलच्या ट्रेवर ठेवू नका. एनॉक्सापॅरिनच्या (रक्ताच्या गुठळ्या टाळणाऱ्या औषधाच्या) प्रतिबंधक डोसनंतर १२ तास, उपचाराच्या डोसनंतर २४ तास थांबा. पेशंटला गाढ झोपवून सुई घालू नका. कळ सांगणार कोण?

सुई निघाली म्हणजे काम संपलं असं मात्र नाही. वॉर्डातलं "अजून भूल उतरली नसेल" हे वाक्य ऐकलं की मला धास्ती वाटते, कारण मणक्यातला रक्तगोळा असाच लपतो. सिझेरियननंतर लघवीची नळी असते, त्यामुळे लघवी अडकल्याचंही कळत नाही. चार तासांनी तिला गुडघा न वाकवता पाय उचलायला सांगा. उचलता येत नसेल, उतरलेला बधिरपणा परत चढत असेल किंवा बसायची जागा सुन्न असेल, तर स्वतः जाऊन तपासा आणि तातडीने एमआरआयची सोय करा. रक्तगोळा असेल तर लक्षणं सुरू झाल्यापासून आठ तासांच्या आत काढलेला बरा, आणि त्यातले काही तास तुमच्या कानावर येईपर्यंतच गेलेले असतात.