केळीचा धागा रंगवताना या चुका टाळा

घड उतरला की केळीच्या त्या खोडाला पुन्हा घड लागत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात अशी खोडं बांधाबांधावर पडलेली असतात. त्यांचा धागा काढणारे वाढताहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण रंगाचं पातेलं चुलीवर चढवायची घाई इतकी, की माल त्याआधीच बिघडलेला असतो.

सगळ्यात जास्त घोळ डिंकाचा. यंत्रातून निघालेला धागा स्वच्छ दिसला तरी त्याला गर आणि डिंक चिकटलेला असतो. तसाच रंगवला तर रंग डिंकावर बसतो आणि धुतल्यावर त्याच्याबरोबर निघून जातो. रावेरकडच्या एका बचत गटाचा माल असाच चट्ट्यापट्ट्यांचा निघाला. मग कुणीतरी सांगितलं, कडक कॉस्टिक सोड्यात रात्रभर उकळा. मी पोहोचले तेव्हा पातेल्यात लगदा होता. हा धागा एकसंध नसतोच. जेमतेम काही मिलिमीटरच्या असंख्य पेशी डिंकाने आणि लिग्निनने (लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ) एकमेकींना धरून असतात. ते बांधणंच विरघळलं तर धागा कुठून उरणार? बायांची मेहनत गेली, सल्ला देणाऱ्याचं काहीच गेलं नाही, याचा मला अजून राग येतो.

मी धुण्याचा सोडाच घेते. किलोभर सुक्या धाग्याला 30 ते 50 ग्रॅम, पाणी भरपूर, आच मंद, साधारण तासभर. मधूनमधून एक बट काढून चोळून बघते. बुळबुळीतपणा गेला, पण ओढल्यावर तुटत नाही, की आच बंद. घड्याळापेक्षा बोटांना जास्त कळतं.

शिळं खोड घेऊ नका. कापलेल्या खोडातला चीक हवेने काळवंडतो आणि धागा तपकिरी होतो. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी काढा. ब्लीचिंग पावडरचा मारा केला तर धागा कमजोर होतो. तपकिरी धागा मी हिराकशीच्या (लोखंडाचा क्षार) काळ्या-राखाडी रंगासाठी बाजूला ठेवते.

रंग पक्का बसावा म्हणून धागा थेट तुरटीत बुडवणं ही दुसरी घाई. लोकर तुरटी सहज धरते, हा धागा नाही. आधी रात्रभर हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटी. एवढाही धीर नसेल तर मंजिष्ठाच्या मुळांच्या पक्क्या लालाची अपेक्षा ठेवू नका.

विकायच्या मालाला हळद नको, उन्हात उडते. डाळिंबाची साल घ्या. लोखंडी कढई टाळा, हिरड्याशी लोखंड मिळून रंग काळपट होतो. तोलायचा तो सुका धागा, ओला नाही. आणि पिळू नका. निथळू द्या, सावलीत वाळवा.