डेंग्यू-फ्लूनंतर जानेवारीची हाफ मॅरेथॉन: ताप उतरल्यापासून फिनिश लाइनपर्यंत

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. नावनोंदणी कित्येक महिने आधी झालेली असते, आणि डेंग्यू किंवा फ्लू नेमका दिवाळीच्या आगेमागे गाठतो. मग ताप उतरल्या दिवसापासून उरलेले रविवार मोजले जातात आणि बुडालेले लाँग रन भरून काढायची घाई सुरू होते. ही घाईच घात करते. ताप गेला तरी शरीर आतून डागडुजी करत असतं आणि त्या वेळी दिलेला ताण हृदयाला महागात पडू शकतो. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल (मायोकार्डायटिस), तर जोराच्या व्यायामाने ठोके बिघडण्याचा धोका असतो. तसं निदान झालं तर साधारण तीन ते सहा महिने धावणं बंद ठेवावं लागतं.

आधी तारखांचा हिशेब. शेवटचा ताप आला तो दिवस धरा, पहिला ताप आला तो नव्हे. तिथून शर्यतीपर्यंत सहा आठवडे किंवा जास्त असतील आणि आजारापूर्वी १५-१६ किलोमीटरचे रन होत असतील, तर हाफ (२१.१ किलोमीटर) चालत-धावत करता येईल. चार ते सहा आठवडे असतील तर १० किलोमीटरपुढे जाऊ नका. चारपेक्षा कमी असतील तर यंदा रस्त्याकडेला उभं राहून टाळ्या वाजवा. फुल मॅरेथॉनसाठी तीन महिन्यांपेक्षा कमी वेळ मिळत असेल तर आमचं उत्तर सरळ ‘नको’ असं आहे.

धावायला लागण्याआधी डॉक्टरांना भेटा. डेंग्यू झाला असेल तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एसजीपीटी (यकृताची तपासणी) पुन्हा करून घ्या: प्लेटलेट दीड लाखाच्या वर हव्यात, हिमोग्लोबिन नेहमीच्या पातळीवर हवं, यकृताचे आकडे उतरलेले हवेत. छातीत दुखणं, धडधड, जिना चढताना पूर्वी न लागणारी धाप यांपैकी काहीही असेल तर ईसीजीचा विषय तुम्हीच काढा. औषधांची यादीही दाखवा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेवोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिकमुळे टाचेमागचा जाड स्नायुबंध दुखावू शकतो, क्वचित तुटतोही, आणि हा धोका गोळ्या संपल्यावर काही आठवडे, कधी काही महिनेही राहतो. टायफॉइड किंवा जुलाबांवर यांतली गोळी घेतली असेल तर टाचेमागची नुसती ठणकही गंभीरपणे घ्या आणि वेगाचे सराव पूर्ण टाळा.

घरची मोजणी सोपी आहे. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. आजारापूर्वीचा आकडा स्मार्ट घड्याळात सापडेलच. त्याच्यापेक्षा पाचपर्यंत जास्त असेल तर ठरलेला सराव करा, आठ-दहाने जास्त असेल तर त्या दिवशी विश्रांती. वाटेत वेग ओळखायची युक्ती: धावताना बाराचा पाढा मोठ्याने म्हणा. मध्येच दम तुटला तर वेग जास्त आहे, घड्याळ काहीही सांगो.

आता सहा आठवड्यांची आखणी. पहिला आठवडा धावणं नाहीच. तीन दिवस घरातल्या घरात, मग १५ मिनिटं सपाटीवर चालणं, आठवड्याअखेर अर्धा तास. दुसऱ्या आठवड्यात दिवसाआड ४० मिनिटं चाला आणि त्यात एक-एक मिनिटाचं हलकं धावणं आठ वेळा घाला. तिसऱ्यात दोन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं, एकूण अर्धा तास, आठवड्यातून तीनदा. चौथ्यात चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं आणि रविवारी ८ किलोमीटर. पाचव्यात तोच प्रकार, रविवारी १२. सहावा आठवडा शर्यतीचा: दोनदा वीस-पंचवीस मिनिटं, बाकी आराम. एखादा आठवडा जमला नाही तर तोच पुन्हा करा, पुढची पायरी गाळू नका. पुन्हा कणकण आली तर मागे पहिल्या आठवड्यावर, म्हणजेच शर्यत गेली. जड जातं, पण पर्याय नाही.

खाण्यात पथ्याच्या नावाखाली नुसत्या पेजेवर राहू नका. झिजलेल्या स्नायूंना प्रथिनं लागतात: मुगाची खिचडी, अंडी, पनीर, मासे, मोड आलेली कडधान्यं, जे पचेल ते तिन्ही जेवणांत थोडं-थोडं.

शर्यतीच्या आठवड्यात सर्दी झाली तर? नुसतं नाक वाहतंय, घसा किंचित खवखवतोय, ताप नाही, तर हळू धावता येईल. ताप, छातीतला खोकला, अंगदुखी, जुलाब यांपैकी काहीही असेल तर उतरू नका. पॅरासिटामॉल घेऊन उतरणं सगळ्यांत वाईट, कारण गोळी ताप झाकते, आजार नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक तर नकोच: पाणी कमी पडलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडावर ताण आणतात. नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांनी हृदयाचे ठोके वाढतात. कोरडा खोकला आजारानंतर कित्येक आठवडे रेंगाळतो, आणि जानेवारीत धूळ-धूर पहाटे जमिनीलगत साचून राहतो. हवेचा निर्देशांक वाईट असेल त्या दिवशीचा सराव घरातच करा.

शर्यतीच्या पहाटे बिबच्या (छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदाच्या) मागे आजार, औषधं आणि घरच्यांचा फोन लिहा. हाफचे धावपटू माहीमला अंधारात बराच वेळ उभे असतात, तेव्हा टाकून देता येईल असा जुना शर्ट अंगावर ठेवा. चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं हे पहिल्या मिनिटापासून पाळा, थकल्यावर नव्हे. सरासरी साडेआठ मिनिटांत एक किलोमीटर धरला तर हाफला तीन तासांना थोडंसंच कमी लागेल. आयोजकांची वेळमर्यादा आधी पाहून ठेवा. सी लिंकवर वारा आणि गर्दीचा जोश दोन्ही ओढतात, तिथे पाढा म्हणा. हाजी अलीनंतरचा पेडर रोडचा चढ निम्म्याहून जास्त अंतर झाल्यावर येतो. तो पूर्ण चाला, लोक कितीही ‘पळा पळा’ ओरडोत. पाणी तहानेप्रमाणे, प्रत्येक ठिकाणी चार-सहा घोट. दर दुसऱ्या थांब्यावर ओआरएस किंवा मीठ असलेलं पेय घ्या. नुसतं पाणी ढोसल्याने रक्तातलं सोडियम उतरतं.

छातीत दाब, ठोक्यांची अनियमित धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, थंडी वाजून काटा येणं: यांपैकी काहीही झालं की तिथेच थांबा आणि जवळच्या स्वयंसेवकाला सांगा. पुढच्या वैद्यकीय तंबूपर्यंत धावत जाऊ नका.

फिनिशनंतर दहा मिनिटं चालत राहा, ओला शर्ट लगेच बदला आणि तासाभरात काहीतरी खा. पुढचे सात दिवस सकाळची नाडी मोजत राहा. तिसऱ्या दिवशीही ती चढलेलीच असेल किंवा लघवी गडद चहासारखी झाली असेल, तर पाय दुखतायत म्हणून घरी बसून राहू नका. लघवीच्या बाबतीत त्याच दिवशी डॉक्टर गाठा.