होम थिएटर रिसीव्हर: 'बिघडला' म्हणण्याआधी या चुका टाळा

एका संध्याकाळी माझ्या रिसीव्हरचा, म्हणजे टीव्ही-प्लेअर आणि स्पीकर यांच्या मधल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्याचा, आवाज गेला. टीव्हीवर चित्र होतं, व्हॉल्यूमचा आकडा वर-खाली होत होता, पण स्पीकर गप्प. मागच्या सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या, टीव्हीची सेटिंग्ज उलटीपालटी केली, शेवटी वैतागून रिसेट मारला. मग दिसलं की पुढच्या हेडफोन जॅकमध्ये जाड पिनेचा अ‍ॅडॉप्टर तसाच राहिलाय. हेडफोन काढले होते, अ‍ॅडॉप्टर नाही. पीन आत गेली की जॅकमधला स्विच दाबला जातो आणि स्पीकर बंद होतात. पुढे हेडफोन आहे की नाही, हे त्याला कळत नाही. डिस्प्लेच्या कोपऱ्यात हेडफोनचं बारकं चिन्ह तेवढा वेळ पेटलेलं होतं. रिसेटमुळे माइक लावून घेतलेली स्पीकरची मापं पुसली गेली, ती पुन्हा घ्यावी लागली, हा वरचा भुर्दंड.

तेव्हापासून काही बिनसलं की मी बटणांना हात लावण्याआधी डिस्प्ले वाचतो. इनपुट कोणता, सिग्नल कोणता, साउंड मोड कोणता, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. आपण मात्र टीव्हीकडेच बघत बसतो.

इनपुटच्या नावावर विसंबणं

रिमोटवरची 'गेम', 'ब्लू-रे', 'सॅट' ही बटणं म्हणजे नुसती लेबलं. 'गेम' दाबल्यावर मागचा कोणता एचडीएमआय पोर्ट चालू होणार, हे मेनूमधल्या 'इनपुट असाइन'मध्ये ठरतं. सेट-टॉप बॉक्स 'गेम'च्या पोर्टला लावला असेल, तर 'सॅट' कितीही दाबा, काही दिसणार नाही.

दुसरा घोळ टीव्हीच्या रिमोटचा. सगळी उपकरणं रिसीव्हरला जोडली असतील, तर टीव्ही कायम एकाच एचडीएमआयवर ठेवायचा आणि अदलाबदल रिसीव्हरवर करायची. घरातल्या कुणी सवयीनं टीव्हीचा सोर्स बदलला की 'नो सिग्नल' येतं आणि बोल रिसीव्हरला लागतो. टीव्हीमधलंच एखादं अ‍ॅप बघत असाल, तर मात्र रिसीव्हरवर 'टीव्ही' किंवा 'टीव्ही ऑडिओ' हा इनपुट हवा.

एआरसीची केबल भलत्याच पोर्टमध्ये

टीव्हीतला आवाज उलट दिशेनं रिसीव्हरकडे आणायची सोय म्हणजे एआरसी. एचडीएमआय १.४ मध्ये, २००९ साली ती आली. टीव्हीच्या सगळ्या पोर्टवर ती नसते. ज्यावर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' (तिचीच सुधारित आवृत्ती) छापलंय, तोच घ्यायचा. केबलचं दुसरं टोक रिसीव्हरच्या एचडीएमआय 'आउट'मध्ये जातं. आवाज रिसीव्हरमध्ये येणार म्हणून ते 'इन'मध्ये खुपसणारे बरेच भेटतात, आणि तर्क म्हणून ते चुकतात असंही नाही. पण चित्र आणि आवाज इथे एकाच केबलमधून उलटसुलट धावतात. बऱ्याच जोड्यांमध्ये दोन्हीकडचं सीईसी (एचडीएमआयवरून उपकरणांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय) चालू असल्याशिवाय एआरसी चालत नाही. टीव्हीच्या मेनूत सीईसी या नावानं ते सापडेलच असं नाही, कारण प्रत्येक कंपनीनं त्याचं वेगळं बारसं केलंय.

साध्या एआरसीतून डॉल्बी डिजिटल प्लसपर्यंतचा दाबलेला (कॉम्प्रेस केलेला) आवाज जातो. स्ट्रीमिंगवरचा अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही येणारा सराउंड आवाज) बहुधा याच रूपात असतो, त्यामुळे टीव्ही तो पुढे सोडत असेल तर काम भागतं. ब्लू-रेवरच्या ट्रूएचडीला (काहीही न गाळता साठवलेल्या आवाजाला) ईएआरसी लागतं, नाहीतर प्लेअर सरळ रिसीव्हरला जोडावा. मला दुसरा मार्गच बरा वाटतो, मध्ये टीव्हीची लुडबूड नाही.

काल चालू होतं आणि आज नाही, अशी तक्रार असेल तर टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हींचे प्लग काढून पाच मिनिटं थांबा. रिमोटनं बंद केल्यावर दोघे स्टँडबायमध्येच असतात, त्यांच्यातली अडकलेली बोलणी तशीच अडकून राहतात.

संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवणं

मग गोळीबार सुरू होतो आणि रिमोटकडे धाव घ्यावी लागते. ५.१ आवाजात (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर) संवाद मुख्यतः सेंटर स्पीकरमधून येतात. टीव्हीचं डिजिटल ऑडिओ आउटपुट 'पीसीएम'वर (म्हणजे टीव्हीच आवाज उलगडून देतो) असेल, तर रिसीव्हरला बहुतेक वेळा दोनच चॅनेल मिळतात. डिस्प्लेवर 'पीसीएम' दिसत असेल तर टीव्हीत 'बिटस्ट्रीम', 'ऑटो' किंवा 'पास-थ्रू' करून बघा. नंतर साउंड मोड पाहा. 'ऑल चॅनेल स्टिरिओ' घरगुती समारंभात गाणी लावायला झकास, पण सिनेमात संवाद चहूबाजूंनी यायला लागतात. एवढं करूनही शब्द दबलेले वाटले तर एकट्या सेंटरची पातळी दोन-तीन डीबी (डेसिबल) वाढवा. रात्रीसाठी डायनॅमिक रेंजची किंवा 'नाइट मोड'ची सेटिंग असते, ती मोठे आवाज खाली ओढते.

व्हॉल्यूमच्या उणे आकड्यांनाही लोक बिचकतात. बऱ्याच रिसीव्हरवर शून्य म्हणजे शांतता नव्हे, तर सिनेमागृहाची ठरलेली संदर्भ पातळी, म्हणजे घरासाठी फारच मोठा आवाज. −४० पेक्षा −३० मोठा. दहा डीबी वाढवले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, पण अ‍ॅम्प्लिफायरला दहापट पॉवर द्यावी लागते. घरात लहान मुलं असतील तर मेनूतली कमाल व्हॉल्यूमची मर्यादा आजच घाला.

बाकी किरकोळ

रिमोट मेला असं वाटलं तर तो चुकून 'झोन २'वर (दुसऱ्या खोलीच्या स्पीकरवर) गेलाय का ते बघा. ओठ आधी हलतात की शब्द आधी येतो, हेही नीट पाहा: ऑडिओ डिले आवाज फक्त मागे ढकलू शकतो, पुढे आणू शकत नाही. सबवूफर रिसीव्हरला जोडलाय आणि क्रॉसओव्हर (कुठल्या सुराखालचा आवाज सबवूफरकडे जायचा ती सीमा) रिसीव्हरमध्ये ठरवलाय (८० हर्ट्झपासून सुरुवात ठीक), तर सबवूफरवरचं क्रॉसओव्हरचं बटण कमाल टोकाला फिरवून ठेवा. मापाचा माइक हातात धरू नका किंवा सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका. बसल्यावर कान येतात त्या उंचीवर, स्टँडवर ठेवा, आणि पंखा बंद.

आपोआप बंद होणारा रिसीव्हर पुन्हा पुन्हा चालू करणं

ही एक चूक खरोखर महागात पडू शकते. टक् असा आवाज होऊन रिसीव्हर बंद झाला आणि स्टँडबायचा दिवा लुकलुकायला लागला, तर त्यानं स्वतःला वाचवलंय. प्लग काढा आणि स्पीकरची टर्मिनल्स टॉर्चनं बघा. वायर सोलताना सुटलेली केसासारखी एक तार लालवरून काळ्याला टेकली, तरी शॉर्ट होतो. तारा पीळ देऊन घट्ट करा, किंवा बनाना प्लग (वायरीच्या टोकाला बसवायची पीन) लावा. त्यातच लाल-काळ्याची अदलाबदल झालेली नाही ना तेही तपासा; एका स्पीकरची उलटी लागली की बेस विरून जातो आणि गाणारा नेमका कुठे उभा आहे ते कळेनासं होतं.

'ए+बी', म्हणजे स्पीकरच्या दोन्ही जोड्या, एकदम चालू आहेत का? ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की रिसीव्हरला ४ ओहमचा भार दिसतो, आणि मागच्या पट्टीवर त्याहून जास्त किमान आकडा छापलेला असेल तर तो तापणारच. तारा ठीक असतील तर वरचा सेट-टॉप बॉक्स उचला, झाकणाच्या जाळीला मोकळी हवा मिळू द्या आणि रिसीव्हर पूर्ण गार झाल्यावर स्पीकरच्या सगळ्या वायरी काढून एकदा चालू करा. नुसताच चालू राहिला तर एकेक स्पीकर जोडत जा, दर वेळी आधी प्लग काढून. काहीही न जोडतासुद्धा बंद पडला, तर दोष आतला आहे, तो दुरुस्तीलाच न्यावा लागेल.