१०८ येईपर्यंत दुखणं कमी कसं करायचं

घोडबंदर रोडला कोणी बाइकवरून पडलं, पाय मोडल्यासारखा वाटला तर आधी १०८ ला फोन करा, रक्त येत असेल तर कापडाने घट्ट दाबून धरा आणि मग पाय आहे तसाच ठेवून पुठ्ठा लावून ओढणीने बांधा, हाड हललं नाही की कळ बरीच कमी होते. बोटं थंड, निळी पडली तर सैल करा.

अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, रक्तस्राव वाढतो. अमेरिकन सैनिकांना जखमी झाल्यावर घ्यायला दिलेल्या औषधाच्या गोळ्यांमध्येही म्हणूनच पॅरासिटामॉल आणि मेलॉक्सिकॅम ही दुखणं कमी करणारी औषधं असतात. जास्त दुखत असेल तर त्यांचा मेडिक, म्हणजे प्रथमोपचार करणारा सैनिक, फेंटानिल या खूप तीव्र वेदनाशामकाची चोखायची कांडी जखमीच्या गालात ठेवायचा, ती जखमीच्या बोटाला चिकटपट्टीने बांधलेली असायची, गुंगी आली की हात खाली पडायचा आणि कांडी आपोआप बाहेर. आपण मात्र तोंडाने काहीच द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, ऑपरेशन लागू शकतं. हात धरून बोलत राहा, खरंच फरक पडतो.